खोक्यातली ओल

१

ब्राह्मणआळीत कुंट्यांच्या घरी कोंबडीची अंडी आली, ही बातमी दुपारच्या आत आळीच्या दोन्ही टोकांना पोहोचली. ती खायला नसून उबवायला आणली आहेत, हा खुलासा पोहोचायला मात्र आठवडा लागला. तोवर माईंना देवळात दोघीतिघींनी नुसतं नजरेनं विचारून घेतलं होतं.

माईंचा मुलगा सुधीर भिवंडीतल्या एका लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात मेहता होता, म्हणजे हिशेब लिहिणारा कारकून. माणूस पापभीरू, पण छंदाळू. आधी रेडिओ जुळवणं झालं, मग फोटो धुणं, मग कुंडीतली बुटकी झाडं. प्रत्येक छंद यथावकाश माळ्यावर जाऊन पडला. टीव्हीवर शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात त्यानं घरगुती अंडी उबवण्याचं यंत्र पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी चहाचं रिकामं लाकडी खोकं घेऊन घरी आला. बायको सुचेता कन्याशाळेत शिकवायची. तिनं खोक्याकडे पाहिलं, माळ्याकडे पाहिलं आणि वह्या तपासायला बसली.

खोकं तयार झालं ते मात्र देखणं. आतून थर्माकोल, दोन बल्ब, उष्णता जास्त झाली की बल्ब बंद करणारी एक कळ, खाली पाण्याची पसरट थाळी, वर काचेचं झाकण आणि काचेच्या कडेनं हवेला बारीक भोकं. आत दोन थर्मामीटर. एक कोरडा, तर दुसऱ्याच्या टोकाला लूमवरच्या सुताची ओली वात. दोघांच्या आकड्यांत फरक किती, त्यावरून हवेतली ओल कळायची.

या ओलीनंच पहिल्या खेपेला घात केला. लूमवर ओल जितकी जास्त तितकं सूत खूश असतं, तुटत नाही. म्हणून कारखान्यात जमिनीवर पाणी मारतात, ओली गोणपाटं टांगतात. सुधीरनं तोच न्याय अंड्यांना लावला आणि थाळीच्या जोडीला ओलं गोणपाटही आत सारलं. अंड्याला आधी जरा सुकावं लागतं, आत पिल्लाला श्वासापुरती हवा साठावी लागते आणि भरपूर ओल लागते ती अगदी शेवटी, हे मानकोलीच्या एका पोल्ट्रीवाल्यानं सांगितलं तेव्हा उशीर झाला होता. पुरी वाढलेली पिल्लं अंड्यातल्या अंड्यात बुडून मेली. त्या दिवशी माईंनी सुधीरला आवडते म्हणून मुगाची खिचडी केली आणि एका शब्दानंही टोचलं नाही. ते त्याला जास्त लागलं.

२

पौषातल्या एका सकाळी धोंडूबाई दारात आली. कशेळीहून वालाच्या शेंगा घेऊन ती नेहमी यायची. आज टोपलीत शेंगा नव्हत्या. भाताच्या तुसात, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली अंडी होती.

"मर आली गो माई," ती पायरीवर बसत म्हणाली. "साऱ्या कोंबऱ्या गेल्या. ही अंडी पोटाखाली घेऊन बसलेली ती पन बसल्या जागी मेली. दादाची पेटी हाय ना? तिच्यान ठेव."

"धोंडूबाई, माझी पहिली खेप वाया गेली," सुधीर घाबरून म्हणाला.

"तुजी गेली. माजी कशाला जातंय?"

या तर्कापुढे कुणाचं काही चालेना. मग ती खरं काय ते बोलली.

"घरवाला गेला, पोरगी सासरला. घरान बोलाला कोन न्हाय, दादा. कोंबऱ्या होत्या त सकालपासून कुनाला तरी शिव्या देत होते. आता चार दिस झाले, माजाच आवाज मना ऐकू येत न्हाय."

सुधीरला भरून आलं. त्यानं टोपली दोन्ही हातांनी घेतली आणि नको ते बोलून बसला, "एकही वाया जाऊ देणार नाही."

जाताना ती उंबऱ्यातून वळली. "रोज त्यांच्याशी बोलत जा. कोंबरी बोलतं अंड्यांशी. न्हायतर पोरां कुनाला वलखतील?"

सुधीरनं मान डोलावली. पण शिकलासवरला माणूस, सकाळी उठून अंड्यांशी काय बोलणार? त्यानं ओल सांभाळायचं ठरवलं आणि बोलायचं सोडून दिलं.

३

खोकं मागच्या कोठीत होतं. तिथे जुनी भांडी, लोणच्याच्या बरण्या आणि एक छोटी खिडकी. खिडकीतून दिवसभर लूमची खडखड यायची, पण भिवंडीत ती कुणाला ऐकू येत नाही. ती थांबली तरच कान टवकारतात.

पहिले काही दिवस सगळं सुरळीत गेलं. मग एका सकाळी थाळी कोरडी ठाक दिसली. सुधीर हळहळला. पण आकडे पाहतो तर ओल जितकी हवी तितकीच, पोल्ट्रीवाल्यानं सांगितल्याबरहुकूम. त्यानं विचार केला, भिंतीला ओल असेल. मागच्या गल्लीत सुताला कांजी लावायचा कारखाना होता, त्याची वाफ येत असेल. कारकुनाला मेळ बसला की पुरे, रक्कम कुठून आली ते तो नंतर बघतो.

दुसरी गोष्ट अंडी फिरवण्याची. अंडी दिवसातून काही वेळा उलटावी लागतात, नाहीतर पिल्लू एका अंगाला चिकटतं. खूण म्हणून सुधीरनं प्रत्येक अंड्यावर एका बाजूला पेन्सिलीनं फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढला होता. सकाळी फुल्या वर ठेवून तो कामावर गेला आणि संध्याकाळी आला तर सगळे गोल वर. एकूण एक.

सुधीरला गहिवरून आलं. माई! सोवळंओवळं बाजूला ठेवून, कुणाला न सांगता, म्हातारी त्याची अंडी फिरवत होती. त्यानं बोलून तिची अडचण करायची नाही असं ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी पिकलेलं कवठ आणलं. माईंना कवठ प्राणाहून प्रिय. कारण कळलं नाही, पण कवठाला कारण कशाला लागतं?

गंमत अशी की माईंनी कोठीतून येणारी चाहूल ऐकली होती आणि ही सुचेताच अंड्यांचं बघते अशी त्यांची खात्री झाली होती. शाळा सांभाळून नवऱ्याचे छंद निस्तरते, म्हणून त्या तिच्या पोळीवर तूप जरा सढळ हातानं घालू लागल्या. सुचेताचा समज उलटा. ती माईंचे पाय चेपू लागली. कुंट्यांच्या घरात इतका गोडवा लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीतही नव्हता.

४

रविवारी चहाच्या वेळी हा गोडवा उघडा पडला.

"माई, तुम्ही आता अंडी फिरवू नका. गुडघे दुखतील," सुचेता म्हणाली. "मी करीन."

"मी?" माईंनी बशी खाली ठेवली. "मी अंड्याला हात लावते? मग दिवसातून अंघोळी किती करू? तूच करतेस ना?"

"मी तर कोठीत गेलेच नाही."

दोघींनी सुधीरकडे पाहिलं. सुधीरनं कपाकडे पाहिलं.

"उंदीर असेल," तो म्हणाला.

"उंदीर अंडी नुसती फिरवून ठेवतो?" माई म्हणाल्या. "उपास असेल मेल्याचा."

तिघंही हसली, जरा जास्तच हसली. आणि मग कुणी कोठीच्या दाराकडे पाहिलं नाही.

सोमवारी सुधीरनं थाळी पुसून कोरडी केली, खिडकीला कडी घातली, दाराला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकून कामावर गेला. संध्याकाळी, उजेड असतानाच परतला. कुलूप जसंच्या तसं. खोलीत दमट उबेचा वास, झोपलेल्या माणसाच्या पांघरुणाला येतो तसा.

खोक्याच्या काचेवर धुक्याचा एक गोल डाग होता. सुधीर वाकून बघत राहिला. डाग मोठा झाला, थांबला, लहान झाला. पुन्हा मोठा झाला. आत ओल फार झाली, दुसरं काय, असं मनाशी म्हणत त्यानं झाकण न उघडता काचेवरून सहज बोट फिरवलं.

डाग पुसला गेला. बोट ओलं झालं.

बोटाकडे पाहता पाहता त्याच्या ध्यानात आलं, की धुकं काचेच्या आतून धरलेलंच नाही. ते बाहेरून आहे. झाकणावर कुणीतरी तोंड आणून श्वास सोडतं आहे आणि तो श्वास कडेच्या भोकांतून अंड्यांपर्यंत जातो आहे. आणि सुधीरच्या हाताशेजारीच, एका वितीवर, काच पुन्हा हळूहळू धूसर होत होती.

तो कोठीतून कसा बाहेर आला ते त्याला आठवत नाही. "भूक लागली," एवढंच तो सुचेताला म्हणाला, आणि जेवला मात्र काहीच नाही.

५

खोकं बाहेर अंगणात काढावं, असं त्याच्या दहादा मनात आलं. पण बॅटरीच्या उजेडात अंडं धरलं की आत पिल्लाची वळवळ दिसत होती. धोंडूबाईला शब्द दिला होता. आणि ओल अशी चोख होती की त्याच्यानं जन्मात साधली नसती.

शुक्रवार उजाडला. शुक्रवारी भिवंडीत वीज नसायची, लूम बंद, कारखान्याला सुट्टी. आधीच्या शुक्रवारी खोक्यावर गोधडी टाकून, कोठीचं दार लावून भागलं होतं. नेमकी या शुक्रवारी सकाळी अंड्यांना टोच पडली. कवचांवर बारीक तडे, आतून चिवचिव. हीच वेळ नाजूक. झाकण उघडलं तर ओल निघून जाते, अंड्यातला पडदा सुकून पिल्लाला आवळतो आणि ते अर्ध्यातच अडकून मरतं. उघडलं नाही तरी बल्ब बंद, आणि गोधडीनं भोकं झाकली तर पिल्लांचा श्वास बंद. ऊब गेली तरी मरणच.

सुधीर धीर करून कोठीत स्टुलावर बसला. लूम थांबलेले. गाव इतकं गप्प की बरणीतलं लोणचं मुरताना ऐकू यावं. कोरड्या थर्मामीटरचा पारा आता उतरेल, मग उतरेल, म्हणून तो डोळे लावून होता. पारा उतरला नाही.

मग त्या शांततेत आवाज आला. टक्. टक्, टक्. जरा थांबून, टक्.

कोंबडी पिल्लांना बोलावते तसा. पण कोंबडीचा नव्हे. जीभ टाळूला लावून सोडली की होतो तसा. आवाज झाला की अंड्यांतली चिवचिव वाढायची. आवाज थांबला की सगळी पिल्लं गप्प, ऐकत राहिल्यासारखी.

सुधीरला उमगलं, हा आवाज दिवसभर, रोज, इथे होत असणार. लूमच्या खडखडीत आणि शुक्रवारी बंद दाराआड तो कुणाच्या कानावर पडला नाही इतकंच. अंड्यांशी बोलायला धोंडूबाईनं त्याला सांगितलं होतं. तो बोलला नाही. जागा रिकामी राहिली आणि कुणीतरी ती घेतली.

त्याला पळावंसं वाटलं. पण तो गेला आणि त्याच्यामागोमाग तेही गेलं, तर? अशा वेळी माणसाचे संस्कार कुठून वर येतात कोण जाणे. तो उठला, भिंतीला टेकवलेला पाट घेतला आणि खोक्यापाशी मांडला.

"बसा," तो म्हणाला. "उभ्यानं किती वेळ करणार?"

माई दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी रिकाम्या पाटाकडे पाहिलं.

"कोण आलंय?"

"माहीत नाही, माई. पण काचेवर श्वास सोडून काम करतंय."

माईंचा चेहरा पांढराफटक पडला. मग त्या आत गेल्या आणि तांब्याभांडं घेऊन आल्या. भांडं पाण्यानं भरून पाटासमोर ठेवलं.

"आल्यागेल्याला आधी पाणी विचारावं, एवढंही कळत नाही तुला," त्या सुधीरवर खेकसल्या. "नुसतं श्वासावर चाललंय त्यांचं. ओल आणायची कुठून त्यांनी?"

मायलेक भिंतीला पाठ लावून, एकमेकांचा हात धरून बसले. थोड्या वेळानं काच सगळीच्या सगळी धूसर झाली, इतकी की थेंब ओघळू लागले. भांड्यातलं पाणी खाली गेलं होतं. माईंनी पुन्हा भरलं.

६

एकूण एक पिल्लू निघालं. पिवळी, काळी, एक ठिपक्यांचं. वीज आली, लूम सुरू झाले, खडखडीत तो आवाज पुन्हा बुडाला आणि कुंट्यांच्या घराला वाटलं, झालं, निभावलं.

पण पिल्लं काही खाईनात. सुचेतानं तांदळाची कणी टाकली, हाक मारली, बोटानं जमिनीवर टोचून दाखवलं. पिल्लं तिच्याकडे ढुंकून बघेनात. सगळी एका रांगेत कोठीभर फिरायची, थांबायची ती सगळी एकदम. रांगेच्या पुढे जमीन मोकळी असायची. त्या मोकळ्या जागेतला एखादा दाणा आपोआप हलला, की तेवढाच ती टिपायची. सुचेता बाईंनी शाळेत विज्ञान शिकवलेलं. त्या दिवशी त्यांनी अर्ध्या रजेचा अर्ज टाकला.

"धोंडूबाईनं नुसती पिल्लं नेली तर जगायची नाहीत," सुधीर म्हणाला. त्याला आता भीतीपेक्षा तेच जास्त खात होतं. एकही वाया जाऊ देणार नाही असं बोलून बसला होता, आणि पिल्लं निघाल्याचा निरोप मिळून ती टोपली घेऊन निघाली असणार.

धोंडूबाई भर दुपारी आली. खिडकीतून उन्हाची पट्टी कोठीत पडली होती. सुधीर अडखळत काहीतरी सांगू लागला, पण ती त्याला बाजूला सारून आत गेली आणि उकिडवी बसली. "ती ती ती," ती गळा काढून म्हणाली.

पिल्लं तिच्याकडे आली नाहीत. ती पाटाकडे धावली आणि पाटाच्या भोवती एकेक करून दिसेनाशी झाली, कोंबडीच्या पंखाखाली होतात तशी.

"आली म्हना माजी," धोंडूबाईचा चेहरा फुलला. "मेली तरी पोरांना सोरलं न्हाय गो तिनं!"

तेवढ्यात एक पिल्लू पुन्हा दिसलं. ठिपक्यांचं. ते पाटाच्या वर होतं, मांडी घालून बसलेल्या माणसाची मांडी येते तितक्या उंचीवर, हवेत. तिथे ते अंग झाडून आरामात बसलं. दुसरं एक त्याहून वर चढलं, पाय रोवत, घसरत, पुन्हा रोवत, आणि खांद्याच्या उंचीवर जाऊन थांबलं. उन्हाच्या पट्टीत त्याची पिसं पिवळीधमक दिसली. मग त्याच्या पाठीवरून काहीतरी हलकेच फिरलं असावं, कारण पिसं दबली आणि पिल्लानं डोळे मिटले.

"ही माजी कोंबरी न्हाय," धोंडूबाई हळूच म्हणाली.

सुधीरला वाटलं, ती आता टोपली टाकून निघून जाईल, आणि जाईना का, तिला कोण बोल लावणार? तिनं रिकाम्या जागेकडे बराच वेळ पाहिलं. डोळ्यांत भीती होती, ती काही लपली नाही. मग तिनं पदरानं तोंड पुसलं, टोपली पुढे सरकवली आणि पोरीबाळीशी बोलावं तसं म्हणाली,

"कोन हायस त्ये मना नको सांगू. माज्या घरान पन कोन न्हाय. पोरांना घेऊन चल गो बाय."

मग खांद्याशी बसलेलं पिल्लू हवेतून सावकाश खाली आलं, ठेवून द्यावं तसं, अगदी जपून, टोपलीत. त्याच्यामागून ठिपक्यांचं. मग बाकीची.

७

महादू टांगेवाल्याला सुधीरनं नाक्यावरून बोलावून आणलं. एस.टी. स्टँडपर्यंत एवढं ओझं घेऊन चालत कशाला जायचं, असं तो म्हणाला. खरं तर त्याला नीट निरोप द्यायचा होता. कुणाला, ते त्यानं स्वतःलाही विचारलं नाही.

माईंनी धोंडूबाईला हळदकुंकू लावलं. मग करंगळीनं आणखी एक बोट कुंकू घेतलं, जरा घुटमळल्या आणि ते टोपलीच्या काठाला लावलं. धोंडूबाई मागच्या बैठकीवर चढली, टोपली मांडीवर घेतली आणि कडेला सरकून शेजारची जागा मोकळी ठेवली. ती खुशीत होती. गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदाच कुणाला तरी, म्हणजे पिल्लांना, शिव्या देत होती.

सुधीरला तिच्यासाठी फार बरं वाटलं, आणि तितकीच भीतीही वाटली. दोन्ही त्यानं पोटात ठेवलं आणि हात जोडले.

महादू घोड्याकडे तोंड करून बसला होता. त्यानं लगाम हातात घेतला, टांगा हलवला आणि लगेच आवरला. मागच्या ओझ्यानं दोन्ही दांड्या वर उचलल्या गेल्या होत्या आणि घोडा बिचकून पाय आपटत होता.

"ओ मावशी," मागे न बघताच तो वैतागून ओरडला, "दोघी मागं बसू नका. एकीनं पुढं या, टांगा उलाल होतोय!"

"ऱ्हाऊ दे रं," धोंडूबाई म्हणाली. "ती पोरांजवलच बसंल. मी येते पुढं."

ती टोपली मागेच ठेवून उतरली आणि महादूच्या शेजारी जाऊन बसली.